17 सप्टेंबर: दिवस एक, नावं चार. मराठवाड्यात वर्षातून चौथं झेंडावंदन का होतं?

पुण्या-मुंबईतल्या शाळकरी मुलाला वर्षातली झेंडावंदनं विचारली तर तो तीन सांगेल. 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट. नांदेड, बीड किंवा लातूरच्या मुलाला विचारलं तर तो चौथंही सांगेल: 17 सप्टेंबर.

दर वर्षी सप्टेंबरच्या मध्यावर सोशल मीडियावर याच दिवसावरून धुरळा उडतो. कुणी 'मुक्तिसंग्राम दिना'च्या शुभेच्छा देतं, कुणी 'लिबरेशन डे' लिहितं, कुणी 'एकात्मता दिन'. 'देश तर 1947 ला स्वतंत्र झाला, मग हे काय नवीन?' असा प्रश्नही कमेंटमध्ये हमखास असतो. त्यात पंतप्रधान नरेंद्र मोदींचा वाढदिवसही त्याच तारखेला असल्याने ट्रेंडिंगमध्ये सगळंच एकत्र कालवलं जातं.

गंमत म्हणजे, ज्या संस्थानातून ही सुटका झाली त्याचे तीन तुकडे आज तीन राज्यांत आहेत, आणि हा दिवस तिन्ही ठिकाणी वेगळ्या नावाने साजरा होतो. केंद्र सरकारचं नाव चौथं. नावांचा हा गोंधळ वरवर क्षुल्लक वाटतो, पण 1948 साली नेमकं काय घडलं आणि कुणामुळे घडलं, या वादाचीच ती चार उत्तरं आहेत.

15 ऑगस्ट 1947 ला मराठवाड्यात काय झालं?

हैदराबाद हे ब्रिटिश हिंदुस्थानातलं सर्वात मोठ्या संस्थानांपैकी एक. क्षेत्रफळ 82 हजार चौरस मैलांहून जास्त, लोकसंख्या 1941 च्या जनगणनेनुसार 1 कोटी 60 लाखांच्या पुढे. एकूण 16 जिल्हे. त्यातले 8 तेलंगणात, 3 कानडी भागात आणि 5 मराठवाड्यात: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. जालना, लातूर आणि हिंगोली हे जिल्हे बऱ्याच नंतरचे.

जून 1947 मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढलं. इंग्रज गेले की हैदराबाद सार्वभौम होणार, भारतात नाही आणि पाकिस्तानातही नाही, असा त्याचा अर्थ होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद स्टेट काँग्रेसने त्याला उत्तर म्हणून 7 ऑगस्टला 'भारतात सामील व्हा' दिन पाळला. 15 ऑगस्टला दिल्लीत तिरंगा फडकत होता, तेव्हा संस्थानात तो फडकवणं हा गुन्हा होता. अनेकांनी तो तरीही फडकवला. स्वामीजींना अटक झाली.

म्हणजे मराठवाड्यातल्या त्या पिढीची पहिल्या 15 ऑगस्टची आठवण मिठाईची नाही, तर लपवून नेलेल्या झेंड्याची, लाठीची आणि तुरुंगाची आहे.

तेरा महिने

नोव्हेंबर 1947 मध्ये भारत आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. कागदावर शांतता होती, गावांमध्ये नव्हती. रझाकार ही निमलष्करी संघटना दिवसेंदिवस बळावत होती. तिचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरमध्ये वकिली करणारा माणूस. लूट, जाळपोळ आणि खून यांमुळे सीमेलगतच्या गावांतून लोक सोलापूर, बार्शी, नगर, वऱ्हाडाकडे निघाले.

तिथेच सरहद्दीवरचे कॅम्प उभे राहिले. तिथून कार्यकर्ते संस्थानात घुसायचे, करोडगिरी नाके जाळायचे, पोलीस ठाण्यांवर हल्ले करायचे. जालना जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचं नाव आजही त्या भागात घेतलं जातं. घोड्यावरून जाऊन हातबॉम्ब टाकणारी बाई म्हणून. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक जानेवारी 1948 मध्ये लुटण्यात आली आणि तो पैसा लढ्याला मिळाला.

लढा फक्त 'हिंदू प्रजा विरुद्ध मुस्लीम राजा' असा नव्हता. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबउल्ला खान भारतात विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होते. ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. दिवसाच्या शुभेच्छांच्या पोस्टरवर हे नाव फारसं दिसत नाही.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं. सोलापूरकडून आलेल्या तुकडीने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला. 17 तारखेला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली आणि रेडिओवरून ती लोकांना कळली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे 18 ला, निजामाचे सेनापती अल इद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे रीतसर शरणागती पत्करली. सैन्याच्या लेखी मोहिमेचं नाव 'ऑपरेशन पोलो' होतं, पण सरकारने शब्द वापरला 'पोलीस कारवाई'. कारण हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत तक्रार केली होती, आणि हा देशांतर्गत मामला आहे असं भारताला सांगायचं होतं.

मग नावावरून भांडण कशाचं?

महाराष्ट्राचं नाव 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन'. यातला 'संग्राम' महत्त्वाचा. सैन्याने येऊन सोडवलं एवढंच नाही, तर लोक आधी लढले, हे या नावात आहे. 1938 मध्ये वसतिगृहांत 'वंदे मातरम' म्हटलं म्हणून काढून टाकलेले विद्यार्थी, कॅम्पवरचे कार्यकर्ते, तुरुंगात गेलेले सत्याग्रही या सगळ्यांना त्यात जागा आहे.

केंद्राचं नाव 'हैदराबाद मुक्ती दिन'. 2022 मध्ये सिकंदराबादच्या परेड ग्राउंडवर गृहमंत्री अमित शहांच्या उपस्थितीत केंद्राने पहिल्यांदा मोठा सोहळा केला, आणि मार्च 2024 मध्ये दर वर्षी तो साजरा करण्याची अधिसूचना काढली. या कथेच्या केंद्रस्थानी सरदार पटेल आणि सैन्य आहे.

तेलंगणाची अडचण सर्वात मोठी. वेगळ्या राज्याच्या आंदोलनात के. चंद्रशेखर राव हा दिवस सरकारी पातळीवर साजरा करा अशी मागणी करत. सत्तेत आल्यावर मात्र त्यांनी अनेक वर्षं ती बाजूला ठेवली. केंद्राने 2022 ला मैदानात उडी घेतल्यावर त्यांच्या सरकारने त्याच दिवशी 'राष्ट्रीय एकात्मता दिन' केला. 'मुक्ती' नको, 'एकात्मता' म्हणा, अशी एमआयएमचे असदुद्दीन ओवैसी यांचीही मागणी होती. पुढे काँग्रेसचं सरकार आलं आणि नाव बदलून 'प्रजा पालन दिन' झालं. एका शहरात एकाच सकाळी दोन सरकारांचे दोन वेगळ्या नावांचे झेंडावंदन सोहळे, असं चित्र तिथे दिसतं.

डाव्या पक्षांचं म्हणणं आणखी वेगळं. त्यांच्या मते खरी लढाई जमीनदार आणि वेठबिगारीविरुद्ध होती. ती 1946 ला सुरू झाली आणि निजाम शरण आल्यावरही 1951 पर्यंत चालली, तीही भारतीय सैन्याविरुद्ध. ज्या निजामापासून मुक्ती मिळाली म्हणतात, तोच 1950 ते 1956 हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता, हा त्यांचा मुद्दा खोडून काढणं सोपं नाही.

कर्नाटकने सगळ्यात हुशारीने मार्ग काढला. 2019 मध्ये येडियुरप्पा सरकारने 'हैदराबाद-कर्नाटक' भागाचं नावच बदलून 'कल्याण कर्नाटक' केलं आणि दिवस झाला 'कल्याण कर्नाटक उत्सव'. कल्याण म्हणजे बसवेश्वरांचं कल्याण, आजच्या बिदर जिल्ह्यातलं. निजामही गेला, मुक्तीही गेली, वादही बराचसा गेला.

जे कोणत्याच भाषणात येत नाही

रझाकारांच्या अत्याचारांची आठवण भाषणांत येते आणि ती यायलाच हवी. पण सैन्य आल्यानंतरच्या आठवड्यांत जे घडलं त्याबद्दल कोणत्याच व्यासपीठावर कुणी बोलत नाही. रझाकारांचा सूड म्हणून सामान्य मुस्लिमांवर हल्ले झाले. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक पथक 1948 च्या अखेरीस संस्थानात फिरलं. त्यांच्या अंदाजाने 27 हजार ते 40 हजार माणसं मारली गेली. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. यातले दोन मराठवाड्याचे. हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुस्लिमांना वाचवल्याची उदाहरणंही त्यात आहेत. पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता, आणि तो कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

आकड्यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण एकाच गावातल्या दोन आळ्यांमध्ये 17 सप्टेंबरची आठवण सारखी का नाही, हे या अहवालाशिवाय कळत नाही. एका घरात रझाकारांच्या भीतीने ज्वारीच्या कणगीत लपलेल्या आजीची गोष्ट सांगितली जाते, दुसऱ्या घरात 'पुलिस ॲक्शन' हे दोनच शब्द उच्चारून विषय बदलला जातो. हा दिवस केवळ धार्मिक विजय म्हणून मांडणारे फॉरवर्ड आणि तो अजिबात साजरा करू नका म्हणणारे, दोघेही यातली एकेक गोष्टच बघतात.

आठवण सांगणारी माणसंही आता संपत आली आहेत. 1948 ला 18 वर्षांचा असलेला तरुण 2025 मध्ये 95 वर्षांचा झाला. जे गेले त्यांच्या आठवणींपैकी थोड्याच लिहिल्या गेल्या. स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीवरही डाग पडला: बीड जिल्ह्यात खोट्या कागदपत्रांवर पेन्शन घेतल्याच्या तक्रारींचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि न्या. पालकर आयोगाकडून त्याची चौकशी झाली. त्याचा मनस्ताप खऱ्या सैनिकांनाही झाला.

झेंडा आठ मिनिटं, घोषणा वर्षभर

छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते ध्वजारोहण होतं. कार्यक्रम छोटासा, पण मराठवाड्याचं लक्ष असतं ते भाषणाकडे. यंदा काय मिळणार?

ही अपेक्षा उगाच तयार झालेली नाही. 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला, तो कोणतीही अट न घालता. बदल्यात न्याय्य वाटा मिळेल, असा शब्द 1953 च्या नागपूर करारात होता. पुढे 'अनुशेष' हा शब्द मराठवाड्याच्या राजकारणाला कायमचा चिकटला. 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळ आलं, एप्रिल 2020 मध्ये त्याची मुदत संपली. सप्टेंबर 2022 मध्ये मंत्रिमंडळाने ते पुन्हा आणायचं ठरवलं.

त्याच 2022 साली सिकंदराबादच्या सोहळ्याला जायचं म्हणून तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी संभाजीनगरचं ध्वजारोहण लवकर उरकलं, अशी टीका झाली. कुणाच्या कार्यक्रमासाठी कुणाचा कार्यक्रम आटोपता घ्यायचा, एवढ्याशा प्रश्नात मराठवाड्याचं जुनं दुखणं बाहेर आलं. पुढच्या वर्षी अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने 16 सप्टेंबरला संभाजीनगरात मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि सुमारे 45 हजार कोटींच्या योजना जाहीर झाल्या. 2016 मध्येही तिथेच बैठक होऊन 49 हजार कोटींची घोषणा झाली होती, तेव्हा 'आधीचं काय झालं?' हा प्रश्न पत्रकारांनी विचारला यात नवल नाही. कर्नाटक सरकारनेही 2024 ला 17 सप्टेंबरचाच दिवस धरून कलबुर्गीत मंत्रिमंडळ बैठक घेतली. सीमेच्या दोन्ही बाजूंना मागासलेपणाचा हिशेब मागायची तारीख एकच आहे.

आणि आता निजामाचेच कागद

गेल्या दोन-तीन वर्षांत या दिवसाला आणखी एक पदर जोडला गेला. 2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली. मनोज जरांगे यांच्या मुंबईतल्या उपोषणानंतर 2 सप्टेंबर 2025 ला सरकारने हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेणारा शासन निर्णय काढला. ओबीसी नेत्यांनी त्याला विरोध केला, आणि त्याच गॅझेटिअरचा दाखला देत बंजारा समाजानेही अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी लावून धरली.

ज्या राजवटीच्या तावडीतून सुटल्याचा दिवस साजरा होतो, तिच्याच दप्तरातली नोंद सापडावी म्हणून आज मराठवाड्यातली तरुण मुलं तहसील कार्यालयात खेटे घालत आहेत. जुन्या नोंदी अनेक ठिकाणी मोडी आणि उर्दूत आहेत. त्या वाचणारे जाणकार मोजके, त्यामुळे त्यांना सध्या चांगलीच मागणी आहे.