सगळ्यांत मिसळतो हो, साहेब!

मी बँकेत कारकून आहे. बावीस वर्षं लोकांच्या सह्या ताडून पाहण्यात गेली. खातं उघडायला आलेल्या सख्ख्या मेहुण्यालासुद्धा मी आधार, पॅन आणि दोन फोटो घेतल्याशिवाय सोडलं नाही. (तेव्हापासून तो दिवाळीला येत नाही. हे मुद्दलावरचं व्याज.) अशा माणसानं एका रविवारी, नावगाव न विचारता, एक पिवळट-हिरवा, काळ्या ठिपक्यांचा जीव प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी आणावा, याला काय म्हणावं?

घरात काचेची टाकी होती. कन्येच्या आठव्या वाढदिवसाची भेट. तीत बारा गप्पी, सहा निऑन टेट्रा आणि लांब झालरींचा एक एंजल, असा संसार गुण्यागोविंदानं नांदत होता. एंजलचं नाव कन्येनं 'राणीसाहेब' ठेवलं होतं. धंद्याच्या भाषेत अशा टाकीला 'कम्युनिटी टँक' म्हणतात. म्हणजे आपली चाळच, फक्त पाण्यातली.

"पफर आहे, साहेब," दुकानदार म्हणाला. "गरीब आहे बिचारा. सगळ्यांत मिसळतो."

दीडशे रुपयांत इतका मनमिळाऊ प्राणी! आमच्या सोसायटीच्या कमिटीवर घ्यावा असा. शिवाय दिसायला गोंडस. गोल पोट, आणि चेहऱ्यावर नुकतंच जेवण झाल्याचं समाधान. डोळे तर असे, की दोन्ही वेगवेगळ्या दिशांना फिरत. एका डोळ्यानं माझ्याकडे कृतज्ञतेनं पाहत होता. दुसऱ्यानं तो गप्पी मोजत होता, हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी गप्पी नऊ भरले. मी हिशेबी माणूस, पुन्हा मोजले. नऊच. पाचव्या दिवशी सहा, आणि त्यांतल्या दोघांना शेपट्या नव्हत्या. आठवड्याच्या शेवटी राणीसाहेबांच्या झालरी गेल्या होत्या. त्या कोपऱ्यात एका अंगावर तरंगत होत्या. कन्या टाकीसमोर स्टुलावर बसून होती. रडली नाही. फक्त म्हणाली, "बाबा, तुम्ही विचारलं नव्हतं का, तो काय खातो ते?"

वाचकहो, ऑडिटरनं मला आजवर बरंच काही विचारलं आहे. पण असा प्रश्न नाही.

मग मी चौकशीला लागलो. उशिरा का होईना, कागदपत्रं मागवली. या कुळाचं शास्त्रीय नाव टेट्राओडोंटिडी. म्हणजे चार दातवाले. निऑन टेट्राच्या नावातही 'टेट्रा' आहे, पण तिथं कोनांचा संबंध. एकाचे चार कोन, दुसऱ्याचे चार दात. नावात तेवढं साम्य पाहून दोघांना एका घरात ठेवणं म्हणजे आडनाव एक म्हणून वादी-प्रतिवादींना एका खोलीत कोंडणं. हे दात चोचीसारखे जुळलेले असतात आणि जन्मभर वाढतात. शिंपले, खेकडे, गोगलगायी फोडून ते झिजवावे लागतात. नाही झिजले, तर तोंड मिटेनासं होतं आणि मासा समोर अन्न असून उपाशी मरतो. मग शौकीन लोक त्याला लवंगेच्या तेलानं गुंगी आणून दात कापतात. आपण दाढ दुखली की लवंगेचं तेल शोधतो. पण निदान दुकानदाराला 'मी गरीब आहे' असं सांगायला लावत नाही.

दातांसाठी तिसऱ्या आणायला बाजारात गेलो. मावशींना फोनमधला फोटो दाखवला. त्या खो खो हसल्या.

"अरं दादा, यो तं केंड! जाली फारतंय आमची. आनि तू पैसं देऊन आनलास?"

एका क्षणात ओळख पटली. कोकणच्या किनाऱ्यावर ज्याच्या नावानं लोक बोटं मोडतात, त्याच घराण्यातलं हे शेंडेफळ. याच कुळातल्या एका माशाचं यकृत आणि गाबोळी जराशी चाखून 1774 साली न्यू कॅलेडोनियात कॅप्टन कुक हातापायांची संवेदना गमावून बसला होता. ती सगळी कुंडली मावशींना 'केंड' या दोन अक्षरांत ठाऊक होती. दुकानदाराकडे 'पफर' हा इंग्रजी बुरखा होता.

आता मुद्द्यावर येतो. माझं भांडण केंडाशी नाही. त्यानं काय गुन्हा केला? दात दिलेत, ते तो वापरतो. माझं भांडण 'मिसळतो' या क्रियापदाशी आहे. कारण घटकाभर धरून चाला, की हा मासा संतवृत्तीचा आहे. तरी जमणार नाही! हा हिरवा ठिपकेवाला नदीमुखाचा, खाडीचा. लहानपणी गोड्या पाण्यात तग धरतो, पण वाढत्या वयात त्याला मचूळ, पुढं आणखी खारं पाणी लागतं. निऑन आणि एंजल पडले दक्षिण अमेरिकेच्या गोड्या नद्यांतले. म्हणजे स्वभाव सोडा, पाणीच जुळत नाही. ही गोष्ट पनवेलकराला तरी कळायला हवी होती. आमची गाढी नदी खाडीला मिळते ते रोज बघतो आम्ही. तरी मी घरी येऊन सगळ्यांना एकाच नळाचं पाणी दिलं.

यावर पफरवादी मंडळी दोन युक्तिवाद करतात. पहिला : "आमच्याकडे दोन महिने राहिला, कुणाला काही केलं नाही." अहो, कर्जाचे पहिले दोन हप्ते सगळेच भरतात! थकबाकी तिसऱ्यापासून कळते. हा मासा वाढून जवळजवळ सहा इंचांचा होतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षं जगतो. दोन महिन्यांच्या पासबुकावर त्याची पत ठरवायची?

दुसरा : "मग तो छोटा घ्या." छोटा म्हणजे केरळ-कर्नाटकातल्या नद्यांचा इंचभर मलबारी पफर, 1941 साली होरा आणि नायर यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं. पाणी गोडं लागतं, हे खरं. पण लांब शेपटी दिसली की तोही लचका तोडतो. त्यालाही गर्द झाडोऱ्याची स्वतःची टाकी हवी. चोर बुटका आहे म्हणून कुलूप लावायचं नाही, असं कुठं असतं का?

तिसरा सल्ला शेजाऱ्यांचा : "वडाळे तलावात सोडून द्या. पुण्य लागेल." 1952 साली आपल्या देशात तिलापिया आणला, तेव्हाही कुणाला तरी असंच काहीतरी वाटलं असेल. आज उजनीच्या धरणात तो 'चिलापी' होऊन मालकासारखा राहतो. घरातली चूक तलावात नेऊन टाकली म्हणजे पुण्य होत नाही. ती सार्वजनिक होते.

माझी मागणी साधी आहे. लहानपणी वडील आम्हाला तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे. तिथं टाकीवर माशाच्या नावाची पाटी असे. आम्ही मुलं ती मोठ्यानं वाचायचो. मासा पाहायला गेलेल्याला ती वाचायला मिळत होती. मासा घरी नेणाऱ्याला का मिळू नये? नाव काय, वाढून केवढा होणार, पाणी कुठलं, खातो काय आणि कोणाला. पाच ओळी. बिस्किटाच्या पुड्यावर याहून जास्त मजकूर असतो, आणि बिस्किटानं आजवर कुणाची शेपटी खाल्लेली नाही. आणि आपणही, गिऱ्हाईक म्हणून, त्या पाच ओळी वाचल्याशिवाय पाकीट काढू नये. 'मिसळतो' असं तोंडी सांगणाऱ्याला म्हणावं, लिहून दे, सही कर. सही मी ताडून बघतो.

राणीसाहेब वाचल्या नाहीत. त्यांना आम्ही कुंडीतल्या तुळशीशेजारी पुरलं. केंडाला मी परत केलं नाही. परत केला असता, तर उद्या आणखी कुणाच्या घरी 'गरीब बिचारा' म्हणून गेला असता. त्याला वेगळी मोठी टाकी घेतली, मत्स्यालयाचं समुद्री मीठ आणलं. दीडशे रुपयांच्या माशाचा एकूण खर्च मी घरात अजून जाहीर केलेला नाही. दर रविवारी त्याला तिसऱ्या असतात. "त्याला तिसऱ्या आणि आम्हाला पिठलं," असं ही म्हणते, आणि त्यात खोटं काही नाही.

कन्येनं त्याच्या टाकीवर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली आहे : 'नाव : केंड. पाणी : खारं. खातो : शिंपले, कोळंबी, मित्र. सोबत : नको.'

दुसऱ्या दिवशी बँकेतून आलो, तर माझ्या खुर्चीच्या पाठीवर तसलीच एक पाटी होती. अक्षर हिचं : 'नाव : बाबा. पाणी : चहाचं. खातो : वाढेल ते. एकट्याला बाजारात सोडू नये.'