पोत मोडण्याआधी

मागच्या महिन्यात हरसूलहून एक ताई बारावीतल्या मुलाला घेऊन घरी आल्या. मुलाच्या पिशवीत चित्रांची वही होती. "भाऊ, ह्याला म्हणे व्हिडिओ गेममधली चित्रं काढायचीत. नाशकातल्या एका क्लासची फी लाखाच्या वर आहे. गळ्यातली पोत मोडते, बाकीचं कर्ज काढते. पण असं काम खरंच असतं का?"

असते. इतर पालकांनाही उपयोग व्हावा म्हणून येथे लिहीत आहे.

मोठ्या व्हिडिओ गेममध्ये मधूनमधून सिनेमासारखे प्रसंग येतात. त्यांना सिनेमॅटिक्स म्हणतात. त्यांतली जवळची माणसे संगणकावर घडवलेली असतात. पण मागचा डोंगर, आभाळ, दूरचे शहर हे पुष्कळदा चित्र असते. दूरचे एकेक घर घडवत बसले तर वेळ आणि पैसा फार जातो. हे चित्र करणारा तो डिजिटल मॅट पेंटर. तो फोटोशॉपसारख्या साधनात फोटोंचे तुकडे जोडतो, त्यावर रंगवतो आणि सगळीकडे ऊन एकाच बाजूचे आणतो. हरसूलच्या एस.टी.तून पाहा. जवळची झाडे भरभर मागे पळतात, लांबचा डोंगर मात्र आपल्याबरोबरच येतो. तसे दिसावे म्हणून चित्राचे जवळचे-लांबचे थर वेगवेगळे ठेवतात.

साधन नवे असले तरी विद्या जुनीच आहे. 1907 साली अमेरिकेत नॉर्मन डॉन यांनी काचेवर रंगवून ती काच कॅमेऱ्यापुढे धरली आणि पडक्या इमारती पडद्यावर पूर्ण दाखवल्या. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत सिनेमात आले. 1920 साली त्यांचा 'सैरंध्री' आला. हरसूलच्याच तालुक्यात, त्र्यंबकेश्वरला, 1870 साली दादासाहेब फाळके जन्मले. तेही आधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, सिनेमा नंतर. आधी डोळा आणि हात, मग यंत्र.

आता हिशेबाचे बोलू. धंदा बेभरवशाचा आहे. 2025 च्या सुरुवातीला टेक्निकलर ही जगभर पसरलेली कंपनी कोसळली आणि आपल्या देशातलेही हजारो कर्मचारी एकाएकी बेकार झाले. चार शब्द लिहिले की चित्र काढून देणारे प्रोग्रॅमही आता आले आहेत. म्हणून नोकरीची हमी देणाऱ्या क्लासला आधी विचारा, अभ्यासक्रम सरकारमान्य आहे का? नसेल तर भारत सरकारची शिष्यवृत्ती त्याला लागू होत नाही. मान्यताप्राप्त कला महाविद्यालयात पात्र मुलांना ती मिळते. तिथल्या पदवीसाठी बारावीनंतर राज्याची सीईटी द्यावी लागते. पदवी हाती असली म्हणजे गेमचे काम नाही मिळाले तरी जाहिरात, छपाई, चित्रकला शिक्षक अशा दुसऱ्या वाटा राहतात. लहान मुलांनी शाळेतूनच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा द्याव्यात.

मुलाची वही चाळली. हात चांगला आहे. पण सगळी चित्रे मोबाईलवर पाहून काढलेली. त्याला म्हटले, "घरामागचा एकच डोंगर रोज काढ. सकाळी, भर दुपारी, पावसात. ऊन कुठून येतं ते बघ."

"त्याला खर्च किती येईल, भाऊ?" ताईंनी विचारले.

"एक पेन्सिल आणि वही. पोत राहू द्या ताई, आधी सीईटीचा फॉर्म भरा."