विश्लेषण : खान्देशातले अ‍ॅप प्ले स्टोअरच्या दारात का अडते?

रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला रोजचा भाव दाखवणारे अ‍ॅप, धुळ्यातल्या शिकवणीचे धडे विकणारे अ‍ॅप, सराफाच्या सुवर्ण भिशीचा हिशेब ठेवणारे अ‍ॅप. अशी अ‍ॅप तयार करायला आता पुण्या-मुंबईला जावे लागत नाही. जळगाव, बांभोरी, धुळे, शिरपूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून अ‍ॅप करणे नेहमीचे झाले आहे. पण तयार झालेले अ‍ॅप लोकांच्या फोनपर्यंत पोहोचवणे हे वेगळेच काम आहे. ते कुठे आणि का अडते, याचा हा आढावा.

दुकानात जागा मिळवायला काय लागते?

गूगल प्ले स्टोअरवर डेव्हलपर खाते उघडण्यासाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, म्हणजे दोन हजार रुपयांहून थोडे अधिक. अ‍ॅपलचे शुल्क दरवर्षी ९९ डॉलर असून मॅक संगणकाचा खर्च वेगळा. त्यामुळे नवखा डेव्हलपर आधी प्ले स्टोअरकडेच वळतो. तिथे पैशांपेक्षा कागदपत्रांचा जाच अधिक. खात्यातील नाव आणि पत्ता ओळखपत्राशी जुळावा लागतो. ‘चौधरी’चे इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक आणि पॅनवर दुसरे, हे आपल्याकडे घरोघरी आढळते. ‘मु. पो.’ने सुरू होणाऱ्या पत्त्यात अनेकदा घर क्रमांकच नसतो. शिवाय अ‍ॅपमधून कमाई करायची असेल तर वैयक्तिक खातेधारकाचा पूर्ण पत्ता प्ले स्टोअरवर सर्वांना दिसतो. घरातून एकटीने काम करणाऱ्या तरुणीसाठी ही साधी गोष्ट नाही.

बारा परीक्षकांची अट काय आहे?

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना अ‍ॅप प्रसिद्ध करण्यापूर्वी बंदिस्त चाचणी घ्यावी लागते. सुरुवातीला त्यासाठी २० परीक्षक लागत. डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या १२ वर आली. हे परीक्षक सलग १४ दिवस चाचणीत राहिले पाहिजेत. त्यानंतर चाचणीत काय आढळले, काय सुधारले, याची उत्तरे देऊन परवानगीचा अर्ज करायचा. वर्गातले १२ मित्र मिळणे कठीण नाही, पण दोन आठवडे ते टिकवणे कठीण आहे. यातूनच पैसे घेऊन परीक्षक पुरवणाऱ्यांचा धंदा उभा राहिला. निकृष्ट अ‍ॅप रोखण्यासाठी आणलेली अट पैसे टाकून पार करता येते आणि प्रामाणिक माणूस मात्र मित्रांना आठवण करून देत बसतो.

संस्थेच्या नावाने खाते काढल्यास ही अट लागू होत नाही. मात्र त्यासाठी ‘डन अँड ब्रॅडस्ट्रीट’ या कंपनीचा नऊ अंकी डन्स क्रमांक लागतो. तो मोफत मिळतो, पण त्याला ३० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो.

तपासणीत अ‍ॅप कशामुळे अडते?

सर्वात साधे उदाहरण ओटीपीचे. शेतकऱ्याला सोयीचे म्हणून अ‍ॅपमध्ये मोबाइल क्रमांक आणि ओटीपीने प्रवेश ठेवला जातो. पण अ‍ॅप तपासणाऱ्याकडे तो भारतीय क्रमांक नसतो. त्याच्यासाठी कायम चालणारे वेगळे लॉगिन दिले नाही, तर अ‍ॅप उघडत नाही म्हणून परत येते. शासकीय योजना किंवा शासकीय पोर्टलवरील बाजारभाव दाखवणाऱ्या अ‍ॅपने माहितीचा मूळ स्रोत दाखवावा लागतो आणि आपण शासनाचे प्रतिनिधी नाही हेही स्पष्ट लिहावे लागते. पैशांशी संबंधित सुविधा आहेत का, याचे घोषणापत्र तर प्रत्येक अ‍ॅपला भरावे लागते. वित्तीय सेवा द्यायची असेल तर वैयक्तिक खाते चालतच नाही.

यातली कोणतीही अट स्वतंत्रपणे पाहिली तर अवास्तव नाही. त्रास होतो तो नकाराच्या भाषेचा. येणाऱ्या संदेशात बहुतेकदा धोरणाचे नाव आणि ठरावीक मजकूर असतो. नेमका कोणता पडदा, कोणते वाक्य किंवा कोणती परवानगी खटकली, हे अंदाजाने शोधायचे. दुरुस्ती करून पुन्हा पाठवायचे आणि पुन्हा काही दिवस थांबायचे.

मग कडक तपासणी नकोच का?

हवीच. कर्ज देणाऱ्या बोगस अ‍ॅपनी फोनमधील संपर्क आणि छायाचित्रे चोरून किती कुटुंबांना छळले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. गूगलच्या म्हणण्यानुसार २०२४ मध्ये नियमभंग करणारी २३.६ लाख अ‍ॅप रोखण्यात आली आणि १.५८ लाख डेव्हलपर खाती बंद करण्यात आली. व्हॉट्सअ‍ॅपवरून लग्नपत्रिका किंवा वाहन दंडाच्या नावाखाली येणाऱ्या एपीके फायलींनी बँक खाती रिकामी होतात, ती अशा तपासणीबाहेरच्या वाटेनेच. त्यामुळे ‘स्टोअर नको, एपीके वाटू’ हा सल्ला धोक्याचा आहे.

नकार मिळाल्यावर दाद कुठे?

अपिलाचा ऑनलाइन अर्ज आहे. बाजू कुठे मांडायची हा प्रश्न मोठ्यांपुढेही येतो, पण त्यांचा मार्ग वेगळा असतो. १ मार्च २०२४ रोजी गूगलने सेवाशुल्काच्या वादातून दहा भारतीय कंपन्यांवर कारवाई करत अ‍ॅप काढायला सुरुवात केली. त्यात मुंबईच्या शादी डॉट कॉम आणि कुकू एफएमसह नोकरी, भारत मॅट्रिमोनी यांचा समावेश होता. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, बैठका झाल्या आणि ५ मार्चला अ‍ॅप परत घेण्यास गूगल राजी झाल्याचे त्यांनी सांगितले. पाच दिवसांत तोडगा निघाला. शिरपूरच्या विद्यार्थ्याचे अ‍ॅप अडले तर त्याच्यासाठी अशी बैठक कोणी बोलावत नाही.

कायदा काय म्हणतो?

प्ले स्टोअरवरील पेमेंटच्या अटींबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये तो २१६.६९ कोटींवर आणला. त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पण या वादांचा भर शुल्क, पेमेंट आणि बाजारातील वर्चस्वावर आहे. छोट्या डेव्हलपरला मिळालेल्या नकाराचे कारण कसे आणि किती दिवसांत द्यायचे, हा प्रश्न त्यात मागेच राहतो.

दुसरे दुकान आहे का?

फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस अ‍ॅपस्टोअर सुरू केले. त्यात मराठीसह १२ भारतीय भाषांची सोय आहे. पर्याय चांगला, पण बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये प्ले स्टोअर आधीपासूनच असते. ग्राहक तिथेच शोधतो, म्हणून विक्रेत्यालाही तिथेच जावे लागते.

काय व्हायला हवे?

स्थानिक पातळीवर बरेच करता येईल. महाविद्यालयांनी चाचणीसाठी विद्यार्थ्यांचे कायमचे गट करावेत आणि अर्जापूर्वी तपासायच्या बाबींची मराठी यादी द्यावी. मात्र सर्वांची अ‍ॅप महाविद्यालयाच्या एकाच खात्यावर टाकणे जोखमीचे आहे. एकाच्या चुकीने सगळ्यांचे खाते बंद होऊ शकते.

मुख्य जबाबदारी अर्थातच दुकानदाराची आहे. ज्या दुकानाशिवाय व्यवसाय होत नाही, त्याने नकार देताना नेमकी त्रुटी दाखवावी, अपिलावर माणसाने निर्णय द्यावा आणि त्याला मुदत असावी. तालुक्याच्या तहसील कार्यालयाकडून आपण एवढी अपेक्षा करतोच. डिजिटल स्पर्धा कायदा करताना केंद्राने हे तीन हक्क त्यात लिहून घ्यावेत.