शिबिर जरूर घ्या, पण डायलिसिस थांबवू नका

मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी निधी जमवायला मुडबीत एक दिवस योगासने, मालीश, वाफारा यांचे शिबिर घ्यावे, अशी सूचना मंडळाच्या तरुणांनी केली आहे. आमचा तिला पाठिंबा आहे. 2016 पासून केंद्राच्या योजनेत जिल्हा रुग्णालयात गरिबांना डायलिसिस मोफत आहे, हे खरे. पण आठवड्यातून दोन-तीन खेपा, दर खेपेला चार-चार तास. गाडीभाडे आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी कोण देणार? निधी तिथेच जावा.

मात्र शिबिरात कोणी 'डायलिसिस सुटेल' असे बोलू लागला, तर त्याला तिथेच उठवावे. खेप चुकली की अंगात पाणी आणि पोटॅशियम साठते, माणूस हातचा जातो. रोग हमखास बरा करण्याच्या अशा जाहिरातींना 1954 चा कायदाही मनाई करतो. झाडपाल्याचा काढा तर या रुग्णांना नकोच. मालीश धडधाकटांनी घ्यावी, पैसेही त्यांनीच मोजावेत.

पुढाऱ्यांनी जरूर यावे, पावती फाडावी आणि खाली बसावे. त्यांचे फलक नकोत. जमाखर्च आठ दिवसांत मारुतीच्या पारावर लावावा, मराठीत आणि कन्नडमध्येही. रुग्ण दोन्हीकडच्या घरांत आहेत.