पाडस गेले, गाठोडे आले

आयरिश चित्रकार जेम्स बॅरी (१७४१–१८०६) याला स्त्रियांचा कैवारी ठरवायला पुरावे आहेत, हे आधीच मान्य करून टाकू. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सच्या सभागृहासाठी १७७७ पासून त्याने मानवी संस्कृतीच्या प्रगतीवर सहा प्रचंड चित्रे रंगवली. पहिल्या चित्रात रानटी अवस्थेतली एक बाई मेलेले पाडस खांद्यावर वाहते आहे. त्याचा खुलासा बॅरीनेच लिहून ठेवला आहे: रानटी समाजात बाई म्हणजे ओझ्याचे जनावर, समाज सुधारतो तशी तिची किंमत वाढते. पाचव्या चित्रात विदुषी एलिझाबेथ मॉंटेग्यू आहेत आणि डॉ. जॉन्सन दोन डचेसबाईंना त्यांचा आदर्श दाखवताहेत. १७९८ मध्ये त्याने मेरी वुलस्टनक्राफ्टची छापील प्रशंसाही केली.

मग तक्रार कसली? त्याचेच माप त्याला लावून बघा ना, मैत्रिणींनो. तिसरे चित्र ऑलिंपियाच्या विजेत्यांचे. तिथे लग्न झालेल्या बाईला खेळ नुसते बघायलाही बंदी होती! चौथ्यात टेम्स नदीच्या जलकन्या मँचेस्टर-बर्मिंगहॅमचा माल वाहताहेत. म्हणजे पाडस गेले, गाठोडे आले. कपडे तेवढे उतरले.

आणि हे रंगवणारे हात तयार कुठे होत? रॉयल अकादमीत. बॅरी तिथे १७८२ पासून चित्रकलेचा प्राध्यापक. ऐतिहासिक चित्र सर्वश्रेष्ठ, आणि त्यासाठी नग्न देहाचा अभ्यास हवाच, ही तिथली शिकवण. त्या वर्गाचे दार मात्र बायकांना बंद. अँजेलिका काउफमान आणि मेरी मोझर १७६८ पासून संस्थापक सदस्य. पण झोफनीने मॉडेलच्या वर्गात जमलेल्या सदस्यांचे चित्र काढले, तेव्हा या दोघी भिंतीवरच्या तसबिरी झाल्या. पूर्ण सदस्य म्हणून पुढची बाई निवडून आली ती १९३६ मध्ये, लॉरा नाइट.

बॅरी भित्रा नव्हता. अकादमीशी तो इतका भांडला की १७९९ मध्ये त्याला हाकलून दिले. पण ते भांडण पेटले अकादमीच्या पैशांवरून, जुन्या उस्तादांची चित्रे घेण्यावरून. बायकांच्या वर्गावरून नव्हे. मॉडेलसमोर बसायची परवानगी अकादमीतल्या मुलींना मिळाली १८९३ मध्ये, तीही मॉडेलला वस्त्र गुंडाळून. बॅरीला जाऊन तेव्हा ८७ वर्षे झाली होती.