तुकाराम नावाचा कोळी

तुकाराम नावाचा एक कोळी आहे. आडनावानं कोळी नव्हे, चांगला आठ पायांचा. आयसियस तुकारामी. ठाणे-कल्याण भागात सापडला आणि २०२१ मध्ये ध्रुव प्रजापती, सोमनाथ कुंभार, जॉन कॅलेब, राजेश सानप आदी मंडळींनी त्याचं बारसं केलं. इथे शहाद्यात ज्याला ज्याला हे सांगितलं, त्याचं मन आधी देहूला पोचलं :) पण हे तुकाराम म्हणजे तुकाराम ओंबळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर गोळ्या झेलत ज्यांनी कसाबची बंदूक सोडली नाही, ते.

आमच्या काकांना हे अजिबात रुचलं नाही. "पुतळा उभारा, रस्त्याला नाव द्या. किड्याला कसलं देता?" (कोळी किडा नव्हे, किड्याला सहा पाय. पण काकांशी वाद कोण घालणार!) मला मात्र उलटंच वाटतं. रस्त्यांची नावं बदलतात. इथे उद्या एखाद्या अभ्यासकानं या कोळ्याला 'आयसियस' घराण्यातून उचलून दुसऱ्या घराण्यात टाकलं, तरी 'तुकारामी' त्याच्यासोबत जाईल. फक्त पहिल्यांदा नाव देणाऱ्यांची नावं कंसात जातील. आडनाव बदलतं, नाव राहतं.

आणि हे नाव फुकट मिळत नाही. हा उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला. जाळं विणून वाट बघत बसणारा नव्हे, समोरचे दोन मोठे डोळे रोखून सावजावर झेपावणारा. या एका कुळातच सहा हजारांहून जास्त जाती आहेत आणि जीव बहुधा काही मिलिमीटरचा. नुसत्या रंगावरून जात ठरवता येत नाही. नराच्या तोंडाजवळ आखूड पायांसारखे दोन अवयव असतात, त्यांच्या टोकांचा घाट सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. मादीच्या पोटाखालची जननेंद्रियाची ठेवण बघावी लागते. मग तो नमुना अल्कोहोलच्या बाटलीत जातो, सोबत चिठ्ठी : कुठे मिळाला, कधी, कोणाला.

त्या चिठ्ठीचं मोल शहादेकरांना खरं तर सांगायला नको. रानपिंगळ्याची गोष्ट आपल्याच जंगलातली. ह्यूमनं १८७३ मध्ये त्याला नाव दिलं आणि १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कोणालाच मिळाला नाही. माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं मात्र १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळाला म्हणून एक पिंगळा दाखवला. तो होता संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना, चिठ्ठी तेवढी नवी! त्या थापेपायी शोधणारे भलतीकडेच भटकले. पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी ओळखली, जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढत त्या सहकाऱ्यांसह इकडे आल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात पिंगळा समोर बसलेला. ११३ वर्षांनी.

पण हरवलाय हे कोणाला तरी ठाऊक होतं, म्हणून ना तो शोधला? नाव होतं, चिठ्ठी होती. तोरणमाळच्या वाटेवर सागाच्या सालीखाली, पाल्यात जे कोळी असतील, त्यातल्या किती जणांकडे एवढं तरी आहे? उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि आग कधीकधी पुढे सरकते. पोटासाठी फुलं वेचणाऱ्यांवर खापर फोडून मोकळं होणं मला पटत नाही. प्रश्न वेगळाच आहे. त्या पाल्यात एखादी बिननावाची जात कायमची संपली, तर ती खोडायची कुठल्या यादीतून?

असो. कॅमेरेवाल्या मंडळींनो, तोरणमाळला सीताखाईचे फोटो काढून झाले की जरा पायाखालच्या पाल्यातही बघा. कोळी दिसला तर फोटोखाली नुसतं 'सातपुडा' लिहू नका. गावाचं नाव आणि तारीख घाला. कुठल्या झाडाखाली, तेही.