मुलं घरी आली. पण उपकार कोणाचे?

कोरोनाच्या काळात परदेशात अडकलेलं कुणी घरी परतलं, की आपल्या वस्त्यांत एक वाक्य हमखास ऐकू यायचं. ‘साहेबांच्या कृपेने झालं बघा.’ मग साहेबांच्या फोटोसकट आभाराचा फलक नाक्यावर लागायचा. माझं भांडण या वाक्याशी आहे. आपल्याच देशात, आपल्याच आईबापाकडे परत येणं ही कृपा कधीपासून झाली?

नालासोपारा पूर्वेचा माझा एक मित्र शारजात इलेक्ट्रिशियन होता. मार्च २०२० मध्ये वडील वारले म्हणून तो आणि वहिनी दहा दिवसांसाठी इकडे आले. चौघांच्या तिकिटांचे पैसे जमेनात, म्हणून नऊ आणि सहा वर्षांची दोन मुलं तिथेच मावशीकडे ठेवली. २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली. एप्रिलमध्ये मालकाने फोनवरच नोकरी संपल्याचं सांगितलं. मावशीचा पगार अर्ध्यावर आला. एका खोलीत सहा माणसं, आणि रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर धाकटीचा एकच प्रश्न, ‘पप्पा, उद्या?’

मित्राने हेल्पलाइन लावल्या, कचेऱ्यांना फोन केले. उत्तर ठरलेलं होतं : ‘ईमेल करा.’ मित्र नववी शिकलेला. इंग्रजीत ईमेल लिहायचा कुणी? मी लिहिला. मृत्यूचा दाखला, मुलांच्या पासपोर्टच्या प्रती, मावशीचं संमतीपत्र, सगळं जोडलं. महिनाभराने कळलं, एकट्या मुलांना घेता येणार नाही, सोबत मोठं माणूस हवं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर शोधाशोध करून त्याच विमानाने येणारं विरारचं एक कुटुंब गाठलं, त्यांच्या नावे पुन्हा संमतीपत्र केलं. जुलैत मुलं मुंबईला उतरली.

यात माझं कौतुक करायला सांगत नाही. मुद्दा असा की या मित्राला एक ईमेल लिहिणारा दोस्त होता. ज्याला असा दोस्त नव्हता, त्याच्या मुलांचं काय? हक्क ओळखीवर मिळत असेल तर त्याला हक्क म्हणायचं की वशिला?

काही जण लगेच म्हणतील, ‘विषाणू जात बघत नाही, बंदी सगळ्यांना सारखीच होती.’ बंदी सारखी होती, मान्य. सवलतीचं काय?

अमेरिकेत व्हिसावर नोकरी करणाऱ्या भारतीयांची तिथे जन्मलेली मुलं जन्माने अमेरिकी नागरिक असतात. भारतात येण्यासाठी त्यांच्याकडे ओसीआय कार्ड असतं. मार्चमध्ये त्या कार्डावर व्हिसाशिवाय मिळणारा प्रवेश स्थगित झाला. ७ मे रोजी ‘वंदे भारत’ची विमानं सुरू झाली, तेव्हा आईबापाला जागा आणि कडेवरच्या बाळाला मनाई, असा अघोरी प्रकार घडला. ट्विटरवर, वर्तमानपत्रांत आवाज उठला. २२ मे रोजी गृहमंत्रालयाने भारतीय नागरिकांच्या अशा अल्पवयीन मुलांना सूट दिली. योग्यच झालं. त्या आयांचं दुःख खरं होतं, आणि मूल कोणाचंही असो, ते आईपाशीच असलं पाहिजे.

पण त्याच मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वसईच्या सनसिटी मैदानावर काय चाललं होतं? श्रमिक गाड्यांसाठी हजारो मजूर, बायका, कडेवरची पोरं भर उन्हात उभी होती. देशातल्या देशात! संविधानाच्या कलम १९ ने देशभर फिरण्याचं स्वातंत्र्य ज्यांना दिलं, त्यांना घरी जाण्यासाठी मैदानात रांग लावावी लागली. स्थलांतरित मजुरांच्या हालांची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली ती २६ मे रोजी, आणि मजुरांकडून भाडं घेऊ नका असा आदेश आला २८ मे रोजी. तोवर टाळेबंदीला दोन महिने उलटले होते.

विमानाने येणाऱ्यांतही पायऱ्या होत्याच. लंडनचं भाडं सुमारे ५०,००० रुपये, अमेरिकेचं सुमारे एक लाख, आणि ते प्रवाशानेच भरायचं. ज्याची नोकरी गेली त्याने कुठून भरायचं? त्यासाठी भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. २००९ साली तो स्थापन झाला, वकिलातींच्या सेवांवर आकारलेल्या शुल्कातून त्यात पैसे येतात. म्हणजे आपल्याच लोकांचा पैसा. तरी आपल्या किती मजुरांना त्याचं नाव माहीत आहे?

ही पायरी पासपोर्टावरही आहे. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असतं. आखातासह ठरावीक देशांत नोकरीला जाताना त्याला वेगळी परवानगी लागते. कागदावर हेतू संरक्षणाचा. पण जानेवारी २०१८ मध्ये सरकारने अशा लोकांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट द्यायचं जाहीर केलं. पिढ्यान् पिढ्या शाळेबाहेर कुणाला ठेवलं, हे ठाऊक असलेल्या माणसाला त्या रंगाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. विरोध झाला आणि महिना संपायच्या आत निर्णय मागे घ्यावा लागला.

कुणी कुठे जावं यावर पहारा ठेवायची सवय या देशाला जुनी आहे. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवास हे जात गमावण्याचं पाप ठरवलं. आणि आपलं सोपारा? ते प्राचीन बंदर. इथून जहाजं परमुलखात जात. इथे सम्राट अशोकाचा शिलालेख सापडला, १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उत्खनन करून उजेडात आणला. समुद्राला पाप मानणारी परंपरा आणि समुद्रावरून मैत्रीचा धम्म पोचवणारी परंपरा, यातली आपली कोणती हे सांगायला नको.

म्हणून, मित्रांनो, भाषा बदला. परदेशी जाण्याचा हक्क कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्यात येतो, हे मनेका गांधी खटल्यात १९७८ साली पक्कं झालं. ताटातूट झालेल्या मुलांचे आणि पालकांचे अर्ज माणुसकीने आणि लवकर निकाली काढा, असं बालहक्क करार सांगतो. भारताने तो १९९२ साली स्वीकारला. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. आभाराचा फलक हा त्या भक्तीचाच छोटा नमुना आहे.

आणि फलकाऐवजी टेबल मांडा. ‘वंदे भारत’ची पहिली दोन विमानं अबुधाबी आणि दुबईहून निघाली, ती कोची आणि कोझिकोडला उतरली. केरळने १९९६ सालीच परदेशातल्या केरळी लोकांसाठी स्वतंत्र खातं काढलं होतं, आणि परतू इच्छिणाऱ्यांची नोंदणी एप्रिलमध्येच सुरू केली होती. आपण सरकारकडे तशी मागणी करूच, पण तोवर थांबायचं कारण नाही. नालासोपारा, विरार, वसईच्या प्रत्येक विहारात रविवारी दोन तास एक टेबल लागू दे. वस्तीतलं कोण कुठल्या देशात आहे याची वही ठेवा. पासपोर्ट, व्हिसा, मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती करून घ्या. ‘मदद’ पोर्टलवर तक्रार कशी टाकायची ते पोरापोरींना शिकवा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींना, स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, हे भिंतीवर लिहा.

पुढची बंदी महामारीची असेल, युद्धाची असेल, नाहीतर एखाद्या सरकारच्या लहरीची. त्या दिवशी आपल्या माणसाच्या हातात साहेबांचा नंबर असण्यापेक्षा त्याच्या हक्काचं कलम आणि विहारातल्या टेबलाचा पत्ता असला पाहिजे.

जयभीम!